ल्युपस आटोक्यात, रिपोर्ट चांगले, तरी डोकं का चालत नाही?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. वय ३६, ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या (ऑटोइम्यून) आजाराचं, निदान होऊन सहा वर्षं झाली. गेलं वर्षभर सांधे, लघवी, रक्त सगळं ठीक आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे. तरीही बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही, एकच परिच्छेद तीन-तीनदा वाचावा लागतो आणि मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलायला लागले की कशाचाच पत्ता लागत नाही. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट उत्तम आहेत, ताण घेऊ नका. त्यावर तुमचे दोन प्रश्न आहेत. हे खरोखर आजारामुळे होतंय की सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत? आणि ही डिमेन्शियाची सुरुवात तर नाही ना? शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की पायांच्या दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन घेता आणि तरी पहाटे तीनला जाग येतेच. मला ते शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याकडे पुढे येते.

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. 'हल्ली फार विसरायला होतं' अशी तक्रार घेऊन आलेल्यांना संधिवाततज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट माझ्याकडे पाठवतात. त्यांचं लक्ष, स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग तपासणं हे माझं रोजचं काम. आधी थोडक्यात उत्तर देते. तुमचा त्रास खरा आहे. तुम्ही सांगितलेलं चित्र डिमेन्शियाचं वाटत नाही. पण 'आजारामुळे' असं म्हणताना त्यात निदान पाच-सहा वेगवेगळी कारणं येतात, त्यांतली बरीचशी दुरुस्त होण्यासारखी असतात, आणि तुमच्या बाबतीत कुठल्या कारणाचा वाटा किती, हे तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. कुठल्या क्रमाने शोधायचं आणि तोच क्रम का, एवढं मात्र मी सांगू शकते.

आधी 'रिपोर्ट उत्तम आहेत' याबद्दल. ते खरंच उत्तम आहेत आणि त्याचा आनंद मानायलाच हवा, कारण मूत्रपिंडं सुरक्षित असणं ही ल्युपसमध्ये फार मोठी गोष्ट आहे. पण ते रिपोर्ट मूत्रपिंडांबद्दल, रक्तपेशींबद्दल, आजाराच्या सक्रियतेबद्दल बोलतात. तुमचं लक्ष किती वेळ टिकतं हे सांगणारी रक्ततपासणी अस्तित्वातच नाही. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. मेंदू किती वेगाने काम करतोय हे नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाही, त्यामुळे तो नॉर्मल असूनही त्रास असू शकतो आणि ल्युपसमध्ये हे सर्रास दिसतं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने १९९९ मध्ये ल्युपसमुळे होऊ शकणाऱ्या मेंदू आणि मज्जासंस्थेच्या १९ विकारांची यादी केली, त्यात बौद्धिक कामकाजातल्या अडचणींना स्वतंत्र स्थान आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या ऑटोइम्यून आजारात तर अशा अडचणी ४० ते ६५ टक्के लोकांमध्ये आढळतात, आणि त्या आजारात स्मरणशक्ती मंदावते हे फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. ल्युपसमधले आकडे अभ्यासागणिक खूप बदलतात, कारण कुणी कुठली चाचणी वापरली आणि कुठल्या गुणांखाली 'अडचण आहे' म्हटलं यावर ते ठरतात. म्हणून मी रुग्णांना टक्केवारी सांगत बसत नाही. तक्रार सर्वज्ञात आहे, एवढं पुरेसं आहे.

आता नेमकं काय बिघडतं ते बघू. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आमच्याकडे एक चाचणी असते. मी १५ शब्दांची यादी वाचून दाखवते, मग तुम्ही आठवतील तेवढे शब्द सांगायचे, कुठल्याही क्रमाने. तीच यादी मी पाच वेळा वाचते. मग मध्ये दुसरी यादी, काही वेगळी कामं, आणि साधारण अर्ध्या तासाने विचारते, मघाची पहिली यादी आठवतेय का? तुमच्यासारखी तक्रार असलेल्या लोकांमध्ये एक नमुना मला वारंवार दिसतो. पहिल्या वाचनानंतर मोजके चार-पाच शब्द येतात, चेहरा पडतो, 'बघा, मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला आकडा हळूहळू चढतो. पाचव्यापर्यंत बारा-तेरा शब्द होतात. आणि अर्ध्या तासाने? जवळजवळ तेवढेच परत येतात. एखाद-दुसरा सुटलेला असला, तरी मोठ्या यादीत तो दिसला की लगेच ओळखतात.

अल्झायमरच्या सुरुवातीला चित्र याच्या अगदी उलट असतं. तिथे अर्ध्या तासाने यादी जवळपास पुसली गेलेली असते, आणि शब्द समोर ठेवले तरी 'हा होता का?' याचं उत्तर डळमळीत येतं. म्हणजे तिथे साठवणच होत नाही. तुमच्या वर्णनात अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर दिसते. माहिती आत घ्यायला वेळ लागतो आणि ऐन वेळी बाहेर काढायला वेळ लागतो. जे एकदा नीट आत गेलं ते टिकतं.

दुसरी एक चाचणी ९० सेकंदांची आहे. कागदावर वर नऊ चिन्हं आणि त्यांचे आकडे दिलेले असतात, खाली चिन्हांच्या ओळी असतात, आणि बघून बघून पटापट आकडे सांगायचे. बुद्धिमत्ता लागत नाही, पाठांतर लागत नाही, फक्त वेग लागतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हीच चाचणी सगळ्यात आधी घसरलेली दिसते, आणि ल्युपसमध्येही वेग व लक्ष हेच जास्त मार खातात. ही एक गोष्ट लक्षात घेतली की तुमच्या तिन्ही तक्रारींचा उलगडा होतो. दोघं एकदम बोलले की माहितीचा वेग तुमच्या सध्याच्या वेगाच्या पुढे जातो, मधले तुकडे गळतात, आणि गळलेलं पुढे 'विसरलं' असं वाटतं. परिच्छेद वाचताना वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात डोक्यातून निसटते, कारण ती धरून ठेवायला लागणारं लक्ष थकलेलं असतं. शब्द ओठांवर येऊन अडतो, कारण तो शोधण्याचा वेग मंदावलाय. शब्द गेलेला नसतो, म्हणून तर तो दहा मिनिटांनी भांडी घासताना आपोआप आठवतो.

इथे एक सावधगिरी. बऱ्याच ठिकाणी दहा मिनिटांची मोका नावाची चाचणी घेतात, ३० पैकी २६ किंवा जास्त गुण म्हणजे नॉर्मल. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि उतारवयातली सौम्य स्मृतिघट ओळखण्यासाठी ती चांगली आहे. पण ३६ वर्षांची, शिकलेली, नोकरी करणारी बाई त्यात सहज २८-२९ मिळवते. म्हणून 'मोका नॉर्मल, म्हणजे काही नाही' हा निष्कर्ष काढू नये. सविस्तर चाचण्यांनाही मर्यादा आहेत. माझी खोली शांत असते, मी एकटी बोलते, मधे विश्रांती देते. तुमचं ऑफिस तसं नसतं. शिवाय चाचणी तुमची तुलना तुमच्या वयाच्या सरासरी माणसाशी करते. तुम्ही मुळात सरासरीच्या बऱ्याच वर असाल आणि घसरून सरासरीवर आला असाल, तर कागदावर 'नॉर्मल' येईल आणि तुम्हाला मात्र पदोपदी जाणवेल. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: तक्रार किती तीव्र आहे आणि चाचणीचे गुण किती घसरले आहेत यांचा मेळ अनेकदा बसत नाही. तक्रारीची तीव्रता बऱ्याचदा थकवा आणि उदासीनतेशी जास्त जुळते. याचा अर्थ तक्रार खोटी असा घेऊ नका. इलाजाची सुरुवात कुठून करायची, हे त्यावरून कळतं.

आता कारणांकडे. ऑटोइम्यून आजार स्वतः मेंदूपर्यंत कसा पोचतो, याचे दोन-तीन मार्ग माहीत आहेत. २००१ मध्ये संशोधक बेटी डायमंड यांच्या गटाने दाखवलं की ल्युपसमध्ये डीएनएविरुद्ध बनणाऱ्या प्रतिपिंडांपैकी (अँटिबॉडींपैकी) काही मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या संदेश घेणाऱ्या भागालाही चिकटू शकतात, आणि हा रिसेप्टर शिकण्याच्या प्रक्रियेत महत्त्वाचा असतो. पण ही प्रतिपिंडं रक्तात असली म्हणजे मेंदूत शिरली असं होत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यात एक कडक पहारा असतो, तो कुठल्यातरी कारणाने ढिला पडावा लागतो. उंदरांवरच्या प्रयोगांत जंतुसंसर्गासारखी परिस्थिती निर्माण केल्यावर तो ढिला पडला आणि स्मरणशक्तीशी संबंधित भागातल्या पेशींना इजा झाली. मोठं इन्फेक्शन होऊन गेल्यानंतर 'तेव्हापासून डोकं पूर्वीसारखं राहिलं नाही' असं रुग्ण सांगतात तेव्हा मी ते गांभीर्याने घेते, त्याचं एक कारण हे.

दुसरा मार्ग रक्त गोठण्याचा. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असली तर बारीक गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि ज्यांच्यात ही प्रतिपिंडं सतत सापडतात त्यांच्यात बौद्धिक अडचणी जास्त दिसतात. तुमच्या फाइलमध्ये ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या त्याच प्रतिपिंडांच्या तपासण्या आहेत का ते बघा. निदानाच्या वेळी एकदाच झाल्या असतील तर आत्ताची स्थिती काय, असं डॉक्टरांना जरूर विचारा. एकदा पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात, कारण इन्फेक्शननंतर त्या तात्पुरत्या वाढलेल्या असू शकतात. हा मुद्दा सोडू नका, कारण इथे उपचार पूर्ण वेगळे असतात.

तिसरा मार्ग दाहाचा. शरीरात दाह चालू असताना सायटोकाइन नावाची रसायनं रक्तातून आणि नसांमधून मेंदूला 'आजारी आहोत, काम थांबवा' असा निरोप देतात. तापात पुस्तक हातात घेतलं की डोळे ओळींवरून फिरतात आणि डोक्यात काहीच शिरत नाही, तेच इथे मंद प्रमाणात आणि महिनोन्‌महिने चालतं. हा दाह नेहमीच्या रिपोर्टमध्ये ठळक दिसेलच असं नाही.

हे तीन मार्ग वाचून तुमची काळजी वाढली असेल तर पुढचं नीट वाचा. ल्युपस असलेल्या माणसाला होणारा मेंदूविषयक प्रत्येक त्रास ल्युपसनेच केलेला नसतो. माझ्या कामात 'आजार थेट मेंदूवर' हे एकमेव कारण क्वचित सापडतं. बहुतेक वेळा तीन-चार लहान कारणं एकावर एक साठलेली असतात, आणि त्यांतली दोन काढता आली तरी माणूस कामाला लागतो.

ल्युपससोबत असणारे दुसरे आजार हा त्यातला पहिला थर. एक ऑटोइम्यून आजार असला की दुसरा असण्याची शक्यता वाढते. थायरॉइड मंदावला की विचार मंदावतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी बघायचीच. पोटाच्या अस्तराविरुद्ध प्रतिपिंडं असली तर बी-१२ शोषलं जात नाही, आणि बी-१२ची कमतरता हिमोग्लोबिन व्यवस्थित असतानाही मेंदूला आणि नसांना त्रास देऊ शकते. तुमच्या पायांच्या दुखण्यात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर ही तपासणी आणखीच गरजेची आहे. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये हमखास दुर्लक्षित राहतो. डोळे आणि तोंड सतत कोरडं पडत असेल तर श्योग्रेन सिंड्रोम या दुसऱ्या ऑटोइम्यून आजाराचा विचार करावा. तो ल्युपससोबत असू शकतो, आणि थकवा व डोक्यातलं हे धुकं त्यात फार त्रास देतं.

औषधं हा दुसरा थर, आणि इथे मी तुमच्या त्या शेवटच्या वाक्याकडे येते. अमिट्रिप्टिलिन मज्जातंतूंच्या दुखण्यावर चांगलं औषध आहे, पण ते अॅसिटिलकोलीन या रसायनाला अडवतं, आणि लक्ष व नवीन गोष्टी लक्षात ठेवणं याच रसायनावर बरंच अवलंबून असतं. शिवाय ते शरीरातून हळूहळू बाहेर पडतं, त्यामुळे सकाळी डोकं जड राहतं. काहींना रोज १० मिलिग्रॅमने काहीच होत नाही, काहींना तेवढ्यानेही अकरा वाजेपर्यंत सुचत नाही. तुम्ही डोस लिहिलेला नाही, आणि ते औषध सुरू झाल्यावर शब्द अडखळायला लागले की आधीपासूनच, हेही लिहिलेलं नाही. ही तारीख शोधा. जुन्या प्रिस्क्रिप्शनवर मिळेल. याच गटात सर्दी-खाजेच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या आणि वारंवार लघवी होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन येतं. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची औषधं वेगळ्या मार्गाने पण तसाच परिणाम करतात. ज्यांचा मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतो, त्यांतल्या काहींना गोळीचा दुसरा दिवस धूसर जातो. त्यांनी महत्त्वाचं काम त्या दिवशी ठेवू नये.

स्टिरॉइडबद्दल लोकांच्या मनात सगळ्यात जास्त भीती असते, म्हणून आकडे देते. १९७२ च्या बोस्टनमधल्या एका मोठ्या पाहणीत प्रेडनिसोनच्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंतच्या डोसवर मानसिक दुष्परिणाम १.३ टक्के रुग्णांत दिसले, ४१ ते ८० मिलिग्रॅमवर ४.६ टक्क्यांत, आणि ८० च्या वर १८.४ टक्क्यांत. म्हणजे डोस महत्त्वाचा. तुमचे ५ मिलिग्रॅम या हिशेबात खूप खाली आहेत. पण गोळी संध्याकाळी घेत असाल तर झोप मोडू शकते, तेव्हा ती सकाळी घेता येईल का ते विचारा. आणि कृपया, हे वाचून स्टिरॉइड किंवा दुसरं कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका. अनेक महिने चाललेलं स्टिरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं.

तिसरा थर झोपेचा. पहाटे तीनला रोज जाग येणाऱ्या, पूर्ण निरोगी माणसाचंही लक्ष टिकत नाही. जाग कशाने येते ते शोधावं लागेल. दुखण्याने? रात्री पाय हलवत राहावंसं वाटतं म्हणून? तसं असेल तर पुन्हा फेरिटिनकडे या, आणि रात्री पाय हलवत राहण्याची ही ओढ अमिट्रिप्टिलिननेही वाढू शकते हे डॉक्टरांना आठवण करून द्या. घोरता का, सकाळी डोकं दुखतं का? स्टिरॉइडने वजन वाढलेलं असेल तर झोपेत श्वास अडकण्याची शक्यता विचारात घ्यायला हवी. की जाग आल्यावर मनात विचारांचं चक्र सुरू होतं?

हा शेवटचा प्रश्न चौथ्या थराकडे नेतो. 'ताण घेऊ नका' हे वाक्य ऐकून तुम्हाला राग आला, आणि तो रास्त आहे, कारण ते बोलणं तिथेच संपवतं. पण त्या रागात उदासीनतेची शक्यता फेटाळून लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. ऑटोइम्यून आजारांत नैराश्य आणि चिंता या दोन्हींचं प्रमाण जास्त असतं, त्याला आजाराचा दाहही हातभार लावतो, आणि नैराश्यात लक्ष व वेग हेच दोन्ही घसरतात. ते असेल तर तो तुमचा कमकुवतपणा नाही. उलट या सगळ्या थरांमध्ये ज्यावर इलाज चांगला उपलब्ध आहे असा तो एक थर आहे. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, आवडत्या गोष्टींत रस न उरणं, सकाळ सगळ्यात जड वाटणं हे असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता डिमेन्शियाच्या भीतीबद्दल. चढउतार असणं ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. चांगली झोप झालेल्या दिवशी डोकं बरं चालतं, थकलेल्या संध्याकाळी अजिबात चालत नाही, असं असेल तर यंत्रणा शाबूत आहे आणि तिच्यावर भार जास्त आहे. तुम्हाला प्रत्येक चूक स्वतःला कळते, इतरांच्या आधी कळते, हाही फरक आहे. ल्युपसमधल्या बहुतेकांच्या बौद्धिक अडचणी वर्षानुवर्षं स्थिर राहतात किंवा कमी-जास्त होत राहतात, सतत घसरत जात नाहीत. ज्यांच्यात घसरण दिसते त्यांच्यात सतत पॉझिटिव्ह अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं, मधुमेह, नैराश्य यांसारख्या गोष्टी जास्त सापडतात. म्हणजे त्यांतल्या बऱ्याच गोष्टींबद्दल आज काही करता येतं. रक्तदाब आणि साखर नियंत्रणात ठेवणं, धूम्रपान न करणं, हे ल्युपसमध्ये मेंदूसाठी औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

मात्र काही चिन्हं वेगळी आहेत आणि त्यासाठी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत गोंधळल्यासारखं होणं, फिट येणं, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं अचानक तुटणं, पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना तापासोबत गुंगी. अशा वेळी थेट इमर्जन्सीमध्ये जायचं. काही आठवड्यांत वागणं पूर्ण बदलणं, भास होणं, झोप उडणं आणि सोबत स्मरणशक्ती जाणं हे ऑटोइम्यून एन्सेफलायटिसचं, म्हणजे प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणाऱ्या सुजेचं, लक्षण असू शकतं. त्यातला एनएमडीए रिसेप्टरविरुद्धचा प्रकार २००७ मध्ये न्यूरोलॉजिस्ट जोसेप दालमाऊ यांच्या गटाने वर्णन केला, तरुण स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो आणि लवकर ओळखला तर बहुतेक जण चांगले सुधारतात. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, तरी घरच्यांना हे माहीत असू द्या.

करायचं काय? पहिले दोन आठवडे एक छोटी वही ठेवा. रोज चार-पाच ओळींच्या वर नको, नाहीतर वहीचाच भार होईल. झोप किती झाली, दुखणं किती, औषध किती वाजता, आणि डोकं अडखळल्याचा एखादा ठोस प्रसंग. 'ब्रेन फॉग होता' असं लिहू नका. 'दुपारी चारला फोनवर सांगितलेला पत्ता लिहून घेईपर्यंत अर्धा विसरले' असं लिहा. डॉक्टरांसमोर हेच वाचा. 'मला विसरायला होतं' म्हटलं की सगळ्यांनाच होतं, असं उत्तर येतं. चार तारखा आणि चार प्रसंग समोर ठेवले की बोलणं तपासण्यांकडे वळतं. त्याच भेटीत अमिट्रिप्टिलिनला पर्याय आहे का, डोस कमी करता येईल का, वेळ अलीकडे आणता येईल का, हे विचारा. तुमचं दुखणं त्यानेच आटोक्यात असेल तर कदाचित ते चालू ठेवणंच बरं, कारण दुखणंही लक्ष खातं. हा निर्णय तुम्ही दोघांनी मिळून घ्यायचा.

स्मरणशक्तीसाठी म्हणून खास गोळी आहे का, हे पुढे विचाराल म्हणून सांगते. ल्युपसमध्ये मेमँटिन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये डोनेपेझिल या अल्झायमरमधल्या औषधांच्या चाचण्यांचे निकाल २०११ मध्ये आले, दोन्हींत साखरेच्या गोळीपेक्षा लक्षणीय फायदा दिसला नाही. मोबाइलवरचे मेंदूचे खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो, मीटिंगमध्ये त्याचा फारसा उपयोग होत नाही. नियमित, झेपेल एवढा एरोबिक व्यायाम मात्र ल्युपसमधला थकवा कमी करतो हे दिसलेलं आहे. सुरुवात दहा मिनिटं चालण्यापासून करा, आणि दुसऱ्या दिवशी आडवं पडावं लागलं तर तेवढं जास्त झालं असं समजा.

माझ्या रुग्णांना सगळ्यात जास्त उपयोग होतो तो माहिती आत जाण्याची वाट मोकळी करण्याचा. मघाची १५ शब्दांची यादी आठवा: नीट आत गेलेलं टिकतं. म्हणून समोरचा बोलत असताना त्याला थांबवून 'म्हणजे गुरुवारी मी फाइल पाठवायची, बरोबर?' असं स्वतःच्या शब्दांत परत म्हणा. यात तीन गोष्टी होतात: वेग कमी होतो, तुकडा पक्का होतो आणि चूक तिथेच पकडली जाते. स्वतः तयार केलेलं वाक्य नुसत्या ऐकलेल्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तर गोष्ट आणि मनातलं चित्र यांच्या आधारे लक्षात ठेवायला शिकवणाऱ्या दहा सत्रांच्या प्रशिक्षणाचा फायदा २०१३ मध्ये एका चांगल्या चाचणीत दिसून आला. वाचताना प्रत्येक परिच्छेदानंतर कागदावर एक ओळ लिहा, तिसऱ्यांदा वाचायची वेळ येणार नाही. नोंदी एकाच ठिकाणी ठेवा. तीन वह्या, दोन अॅप आणि चिठ्ठ्या म्हणजे शोधण्याचं नवं काम. विश्रांती थकल्यावर घेण्यापेक्षा थकण्याआधी घ्या. लक्ष पूर्ण संपलं की ते भरून यायला बराच जास्त वेळ लागतो.

नोकरीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण 'सोडून द्यावी की काय असं वाटतं' असं एक वाक्य मधे आलंय. वरच्या गोष्टी तपासून होईपर्यंत तो निर्णय घेऊ नका. मागायच्या सवलती लहान आणि ठोस असाव्यात: मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी मिळावेत, ठरलेलं लेखी यावं, अवघड काम सकाळच्या किंवा तुमच्या चांगल्या वेळेत करता यावं. आजाराचं नाव न सांगताही यातलं बरंच मागता येतं. किती सांगायचं हे तुमच्या ऑफिसच्या वातावरणावर आहे, त्यात मी बाहेरून सल्ला देणार नाही.

झोप, औषधं आणि रक्ततपासण्या यांवर काम करून तीन-चार महिन्यांत फरक पडला नाही, किंवा कामावर लेखी सवलतींसाठी कागद लागला, तर सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी मागून घ्या. तिला दोन-तीन तास लागतात. आदल्या रात्री झोप झालेली असावी, चष्मा सोबत असावा, नेहमीची औषधं नेहमीप्रमाणे घ्यावीत आणि ती कुठली ते तपासणाऱ्याला सांगावं. आजार भडकलेला असेल किंवा स्टिरॉइडचा डोस नुकताच वाढवला असेल तर शक्य झाल्यास तारीख पुढे ढकला, नाहीतर त्या आठवड्याचं माप मिळेल, तुमचं मिळणार नाही. आणि निकाल नॉर्मल आला तरी तो कागद फाइलमध्ये जपून ठेवा. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा शंका आली तर तुलना सरासरी माणसाशी करावी लागणार नाही, तुमची तुमच्याशीच करता येईल. सहा महिन्यांच्या आत मात्र त्याच चाचण्या पुन्हा करून घेऊ नका, सवयीने गुण वाढतात आणि खरी सुधारणा किती ते कळत नाही.